शहराने कोळशाच्या वीजप्रकल्पात पैसे घालावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या शहराची स्वतःची वीजसंस्था असते, त्याच्यापुढे कधी ना कधी हा प्रस्ताव येतो: दूरवरच्या एका मोठ्या कोळसा प्रकल्पात पाच-दहा टक्के हिस्सा घ्या, पुढची तीस-चाळीस वर्षं विजेची चिंता मिटेल. प्रस्ताव आला की सभागृहात आणि सभागृहाबाहेर तेच तेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत आधीच सांगितलेलं बरं: नव्या कोळसा प्रकल्पात शहराने हिस्सा घेऊ नये. मात्र कोळशाची बाजू जिथे भक्कम आहे, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

शहर "हिस्सा घेतं" म्हणजे नेमकं काय करतं?

बहुतेक वेळा शहर तिजोरीतून पैसे काढून देत नाही. अनेक शहरं मिळून एक संयुक्त वीजसंस्था उभी करतात. ती संस्था कर्जरोखे विकते, त्या पैशातून प्रकल्पातला हिस्सा घेते आणि प्रत्येक शहराशी दीर्घ मुदतीचा वीजखरेदी करार करते. या कराराच्या जोरावरच रोखे विकले जातात, कारण रोखे घेणाऱ्याला हप्ता कुठून येणार हे दिसत असतं: त्या शहरातल्या प्रत्येक घराच्या आणि दुकानाच्या वीजबिलातून.

म्हणून "शहराला आज एक पैसाही द्यावा लागणार नाही" हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करतं. आज काही द्यावं लागत नाही, कारण पुढच्या तीस वर्षांची बिलं तारण ठेवलेली असतात.

करारातली "वापरा वा न वापरा, पैसे द्या" ही अट इतकी महत्त्वाची का?

या अटीला इंग्रजीत 'टेक ऑर पे' म्हणतात, आणि सगळ्या प्रस्तावात सर्वांत काळजीपूर्वक वाचायचं कलम हेच. प्रकल्प बंद पडला, उशिरा सुरू झाला, शहराला तेवढी वीज लागली नाही किंवा बाजारात दुसरीकडे स्वस्त मिळाली, तरी शहराला आपल्या वाट्याचा खर्च भरावाच लागतो. काही करारांमध्ये तर एखाद्या भागीदार शहराने हात वर केले की त्याचा वाटा उरलेल्यांवर चढतो.

आता याचं गणित बघा. कोळसा प्रकल्पाच्या खर्चाचे दोन भाग असतात. कर्जाचे हप्ते, व्याज, पगार आणि ठरावीक देखभाल हा स्थिर खर्च. कोळसा आणि इतर वापर-साहित्य हा चल खर्च. प्रस्तावातला युनिटचा दर काढताना प्रकल्प वर्षभरात ८५ टक्के क्षमतेने चालेल असं सहसा धरलेलं असतं. तो ५० टक्केच चालला, तर स्थिर खर्च तेवढाच राहतो पण कमी युनिटांवर वाटला जातो. ८५ टक्क्यांना प्रत्येक युनिटवर १०० पडणारा स्थिर खर्च ५० टक्क्यांना १७० होतो. कोळसा एका पैशानेही महागलेला नसतो, तरी दर वाढतो. आणि वर्षातले काही तास वारा-सूर्याची वीज बाजारात जवळजवळ फुकट असते, तेव्हा कोळशाचे संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र यांची जोडणी) मागे सारले जातातच.

या अटीचा इतिहासही जुना आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक वीजसंस्थांच्या एका मंडळाने अणुभट्ट्या बांधायला घेतल्या. त्यातल्या चौथ्या आणि पाचव्या भट्टीसाठी ८८ लहान-मोठ्या वीजसंस्थांनी असेच करार केले. खर्च आवाक्याबाहेर गेला, १९८२ मध्ये या दोन्ही भट्ट्यांचं काम कायमचं थांबलं. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असे करार करण्याचा अधिकारच या संस्थांना नव्हता. परिणामी २.२५ अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. तोवरची सार्वजनिक रोख्यांची ती सर्वांत मोठी बुडीत होती. इंधन तिथे वेगळं होतं, पण कराराचा साचा हाच. शिवाय त्या धड्यानंतर रोखे विकणारे सावध झाले: आता करार असे लिहिले जातात की शहराला त्यातून कायद्यानेही सहज सुटता येऊ नये.

कोळशाच्या बाबतीत असं प्रत्यक्ष कुठे घडलं आहे?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला प्रेअरी स्टेट प्रकल्प या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवा. दोन संच, मिळून सुमारे १,६०० मेगावॅट, शेजारीच स्वतःची कोळसा खाण. कल्पना आकर्षक होती: खाण दाराशी, म्हणजे रेल्वेचं भाडं नाही, म्हणजे दर स्थिर. पीबडी या मोठ्या खाण कंपनीने ती मांडली आणि इलिनॉय, ओहायो, इंडियाना, मिसुरी, केंटकी अशा राज्यांतल्या लहान शहरांच्या संयुक्त वीजसंस्था आणि ग्रामीण वीज सहकारी संस्था त्यात भागीदार झाल्या.

सुरुवातीला खर्च सुमारे २ अब्ज डॉलर सांगितला जात होता. २०१२ मध्ये दोन्ही संच सुरू झाले तोवर तो ५ अब्जांच्या घरात पोहोचला होता. पहिली काही वर्षं संच वारंवार बंद पडत राहिले. त्याच काळात अमेरिकेत नैसर्गिक वायू स्वस्त झाल्याने बाजारातली वीज उतरली होती. म्हणजे शहरं बंद पडलेल्या प्रकल्पाचे हप्ते भरत होती, त्याच्या बदल्यात बाजारातून वीज विकत घेत होती, आणि प्रकल्प चालू असला तरी त्याची वीज बाजारापेक्षा महाग पडत होती. केंटकीतल्या पडूका आणि इलिनॉयमधल्या बटाव्हियासारख्या शहरांत दरवाढीवरून लोक संतापले. बटाव्हियातले ग्राहक न्यायालयात गेले.

मूळ कल्पना मांडणाऱ्या कंपनीने स्वतःकडे जेमतेम ५ टक्के हिस्सा ठेवला होता. तोही तिने २०१६ मध्ये ५.७ कोटी डॉलरला विकून टाकला. प्रकल्पाच्या ५ अब्जांच्या खर्चाशी ताडून बघा: ५ टक्के म्हणजे सुमारे २५ कोटी. त्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. कंपनी हिस्सा विकून बाहेर पडू शकली, शहरं मात्र करारात बांधलेलीच राहिली. पुढे २०२१ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा करून या प्रकल्पाला २०३५ पर्यंत कार्बन उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करण्याचं आणि २०४५ पर्यंत ते शून्यावर आणण्याचं बंधन घातलं.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी. प्रकल्प नंतरच्या वर्षांत बराच सुधारला. दरवर्षी तो तोट्याचाच होता असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. माझा आक्षेप वेगळा आहे: वीस-तीस हजार वस्तीच्या शहराने एवढी मोठी जोखीम तीस वर्षांसाठी एकाच ठिकाणी का लावावी?

हे एका प्रकल्पाचं दुर्दैव नाही कशावरून?

जर्मनीतली शहरं याच वाटेने गेली. तिथे बहुतेक शहरांची स्वतःची वीजसंस्था असते. ल्युनेन इथे अशा सुमारे ३० भागीदारांनी मिळून ७५० मेगावॅटचा कोळसा प्रकल्प उभारला. तो २०१३ अखेरीस सुरू झाला, नेमका वारा-सूर्याच्या विजेने बाजारभाव खाली आणले होते त्या काळात. वर्षानुवर्षं तोटा झाला आणि तो भागीदार शहरांच्या संस्थांनी सोसला.

जवळच हाम इथे आरडब्ल्यूई या बड्या कंपनीच्या जोडीने वीसहून अधिक शहरी संस्थांनी पैसे घातले. तिथल्या दोन नव्या संचांपैकी एकाच्या बॉयलरच्या नळ्यांमध्ये चाचणीच्या काळात आम्ल शिरलं आणि इतकं नुकसान झालं, की तो संच कधी सुरूच झाला नाही. दुसरा २०१४ मध्ये सुरू झाला आणि कोळसा बंद करण्याच्या सरकारी लिलावात (कमी भरपाई मागणाऱ्याला ती देऊन प्रकल्प बंद करायचा), जेमतेम सहा-सात वर्षांचा असताना, कायमचा बंद झाला. त्याच लिलावात हॅम्बर्गचा मोअरबुर्ग प्रकल्पही बंद झाला. तो २०१५ चा, सुमारे ३ अब्ज युरो खर्चून बांधलेला. हे संच यंत्र म्हणून उत्तम होते. जगातल्या सर्वांत कार्यक्षम कोळसा संचांत त्यांची गणना होत असे. पण ४० वर्षांच्या हिशेबावर बांधलेला प्रकल्प दहा वर्षांत बंद होतो, तेव्हा यंत्राची कार्यक्षमता त्याला वाचवू शकत नाही.

आणि जे प्रकल्प बांधलेच गेले नाहीत त्यांचंही बिल येतं. ओहायोत अशाच एका संयुक्त संस्थेने सुमारे १,००० मेगावॅटचा प्रकल्प आखला होता. अंदाजपत्रक भडकल्यावर २००९ मध्ये तो रद्द झाला. तोवर झालेला खर्च सदस्य शहरांच्याच वाट्याला आला.

पण कोळसा तर स्वस्त इंधन आहे ना?

खाणीच्या तोंडाशी असेलही. शहराच्या बिलात मात्र खाण, धुलाई, रेल्वे, बंदर, साठवण आणि राख हलवणं हे सगळं येतं. आकारमान लक्षात घ्या: १,००० मेगावॅटचा प्रकल्प वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालला तर सुमारे ७०० कोटी युनिट वीज देतो. त्यासाठी चांगल्या प्रतीचा कोळसा २८ लाख टनांच्या आसपास लागतो, जास्त राखेचा असेल तर ५० लाख टनांपर्यंत. म्हणजे रोज दोन-तीन पूर्ण मालगाड्या, पाऊस असो, संप असो वा रूळ वाहून गेलेले असोत.

शिवाय कोळशालाही जागतिक बाजार आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराचा भाव अनेक देशांत मानदंड धरला जातो. २०२० मध्ये तो टनाला ५० डॉलरच्या आसपास होता, सप्टेंबर २०२२ मध्ये ४०० डॉलरच्या वर गेला. स्वतःच्या खाणीचा कोळसा वापरणाऱ्यांना त्या वर्षी दिलासा मिळाला हे खरं. विकत घेणाऱ्यांना नाही.

चोवीस तास भरवशाची वीज दुसरं कोण देणार?

कोळशाच्या बाजूचा हा सर्वांत सबळ मुद्दा आहे. वारा पडला, सूर्य मावळला तरी कोळशाचा संच चालतो. इंधनाचा दोन-तीन आठवड्यांचा साठा आवारात दिसतो. त्याचं जड, फिरतं टर्बाइन ग्रिडची (वीजवाहिन्यांच्या जाळ्याची) वारंवारता सांभाळायला मदत करतं. या गोष्टींची किंमत आहे, आणि पर्याय सुचवणाऱ्याने त्या गुणांची भरपाई कशी करणार हे सांगायलाच हवं.

पण भरवसा म्हणजे हमी नव्हे. २०२१ च्या शरद ऋतूत चीनमध्ये कोळशाच्या टंचाईमुळे कारखान्यांची वीज कापावी लागली, आणि त्याच सुमारास भारतातल्या अनेक औष्णिक केंद्रांतला साठा काही दिवसांवर आला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीची लाट आली, तेव्हा सर्वांत जास्त वायूचे प्रकल्प कोलमडले, पण कोळशाचे संचही गोठले. २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाईन नदीचं पाणी उतरलं आणि कोळशाच्या मालवाहू नौका अर्ध्याच भरून न्याव्या लागल्या.

लहान शहराच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. ८०० मेगावॅटचा संच बंद पडतो तेव्हा ८०० मेगावॅट एकदम जातात. ज्या शहराची निम्मी वीज एकाच संचातून येते, त्याची निम्मी वीज त्या क्षणी जाते. भरवसा हवा असेल तर स्रोत विखुरलेले हवेत, आणि मोठा हिस्सा घेणं म्हणजे नेमकं उलट दिशेने जाणं.

संध्याकाळच्या मागणीशीही कोळशाचं फारसं जमत नाही. थंड पडलेला बॉयलर तापवून संच जोडायला कित्येक तास लागतात, आणि चालू संचही एका मर्यादेखाली उतरवता येत नाही. बहुतेक जुने संच क्षमतेच्या ४०-५५ टक्क्यांच्या खाली स्थिर राहत नाहीत. दुपारी सौर वीज भरपूर, संध्याकाळी मागणी झपाट्याने वर, अशा दिवसात हा ताठरपणा महागात पडतो.

पाण्याचं काय?

वाफ थंड करायला प्रचंड पाणी लागतं. शीतकरण मनोरे असलेल्या प्रकल्पात युनिटमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. दुष्काळात प्रकल्प आणि पिण्याचं पाणी यांच्यात निवड करावी लागते. मार्च २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या फराक्का इथलं २,१०० मेगावॅटचं केंद्र कालव्यात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. प्रस्तावात पाण्याचा हक्क कोणाचा आणि टंचाईत प्राधान्य कोणाला, हे लिहिलेलं नसेल तर तो अपुरा आहे.

आधुनिक प्रकल्प तर स्वच्छ असतात. मग आरोग्याची भीती कशाला?

जुन्या प्रकल्पांपेक्षा ते नक्कीच स्वच्छ असतात. राख पकडणारी विद्युत यंत्रणा, धुरातला गंधक काढणारी यंत्रणा, नायट्रोजनची संयुगं कमी करणारी यंत्रणा, या तिन्ही लावल्या आणि रोज चालवल्या तर धूर बराच निवळतो. यातला "रोज चालवल्या" हा भाग विसरला जातो. या यंत्रणा वीज खातात, चुनखडी खातात, आणि दर कमी ठेवण्याचा दबाव आला की आधी त्यांच्याकडेच हात जातो. जुन्या प्रकल्पात नंतर त्या बसवायच्या तर खर्च इतका येतो की प्रकल्प बंद करणं परवडतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या स्वतःच्या वीजसंस्थेने १९७७ पासून चालणारं आपलं डीली केंद्र २०१८ अखेरीस बंद केलं, त्यामागे हेच कारण होतं.

धुरातून निघणाऱ्या गंधक वायूचे हवेत सूक्ष्म कण बनतात. ते फुप्फुसात खोलवर जातात, रक्तात उतरतात, हृदयविकार वाढवतात. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, १९९९ ते २०२० या काळात अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांचे सुमारे ४,६०,००० मृत्यू कोळसा प्रकल्पांतून येणाऱ्या सूक्ष्म कणांशी जोडलेले होते. त्यातले बहुतेक सुरुवातीच्या वर्षांतले. प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणा बसल्या आणि प्रकल्प बंद होत गेले, तसा आकडा झपाट्याने खाली आला. हे आशा वाटण्याजोगं आहे: धूर थांबला की माणसं वाचतात, आणि त्याला पिढ्या लागत नाहीत.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचंही तसंच. २००३ मध्ये तिथली सुमारे पाव वीज कोळशाची होती, २०१४ मध्ये शून्य झाली. २००५ मध्ये दूषित हवेचा इशारा द्यावा लागलेले ५३ दिवस होते, २०१४ मध्ये एकही नव्हता. सगळं श्रेय कोळसा बंद करण्यालाच नाही. वाहनं आणि शेजारच्या राज्यांचे प्रकल्पही सुधारले. पण त्याचाही वाटा होता.

राख कुठे जाते?

कोळशात राखेचं प्रमाण ५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांहून अधिक असू शकतं. काही राख सिमेंटमध्ये आणि विटांत जाते. उरलेली तलावात साठते, आणि तिच्यात आर्सेनिक, शिसं, पारा यांचे अंश असतात. २२ डिसेंबर २००८ च्या पहाटे टेनेसीतल्या किंग्स्टन इथे राखेचा बंधारा फुटला आणि सुमारे ४० लाख घनमीटर राखेचा चिखल नदीत आणि घरांवर आला. सफाईचा खर्च १ अब्ज डॉलरच्या वर गेला. ज्यांनी हा चिखल उपसला त्या कामगारांपैकी अनेकांनी पुढे आजारपणाचे दावे लावले.

हिस्सेदार शहरासाठी याचा अर्थ सरळ आहे: प्रकल्प बंद झाल्यावरही राखेचा तलाव उरतो, आणि त्याच्या देखभालीचा हिस्साही उरतो. करारात या खर्चासाठी वेगळा निधी आहे का ते पाहा.

प्रकल्प आपल्या शहरापासून शेकडो किलोमीटरवर आहे. आपल्याला त्रास काय?

सूक्ष्म कण वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे "दूर" तितकंसं दूर नसतं. पण समजा धूर आपल्याकडे आलाच नाही, तर तो दुसऱ्या कुणाच्या गावावर जातो. वीज आपल्या घरात आणि राख त्यांच्या विहिरीत, या वाटणीला शहराच्या सभागृहात हात वर करून मंजुरी द्यावी असं मला वाटत नाही. ज्या गावांजवळ प्रकल्प आहे त्यांना मतदानाआधी बोलावून ऐकून घ्या, एवढं तरी किमान.

कार्बनवर उद्या कर लागला तर?

तो प्रत्येक युनिटवर बसेल. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण ०.८५ ते १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १,००० मेगावॅटच्या प्रकल्पाचा वर्षाचा हिशेब ६० ते ७० लाख टनांवर जातो. युरोपीय संघात एक टन उत्सर्जनाचा परवाना २०१७ मध्ये १० युरोच्याही खाली मिळत होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने १०० युरो ओलांडले. या भावाने कोळशाच्या प्रत्येक युनिटवर ९ युरोसेंटच्या आसपास बोजा पडतो. सहा वर्षांत दसपट झालेल्या खर्चाचा पुढच्या तीस वर्षांसाठी अंदाज बांधता येतो, असं जो सल्लागार सांगेल त्याला त्याच्या गृहीतकांचा तक्ता मागा.

कार्बन पकडून जमिनीत पुरता येतो म्हणतात.

येतो. कॅनडातल्या सॅस्काचेवान प्रांतात बाउंडरी डॅमच्या तिसऱ्या संचावर २०१४ पासून ते चालू आहे. पण तो संच सुमारे ११० मेगावॅटचा आहे, वर्षाला १० लाख टन पकडण्याचं उद्दिष्ट बऱ्याचदा हुकलं आहे, आणि पकडण्याच्या कामातच संचाची बरीच वीज खर्च होते. मिसिसिपीतल्या केम्पर प्रकल्पात तर खर्च ७ अब्ज डॉलरच्या वर गेल्यावर २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून वायू वापरायचं ठरलं. "नंतर ती यंत्रणा बसवू" हे वचन खर्चाच्या आकड्यासह आणि लेखी असल्याशिवाय धरू नये.

नोकऱ्या मिळतील ना?

बांधकामाच्या काळात हजारो, नंतर काही शे. ब्रिटनचा शेवटचा कोळसा प्रकल्प रॅटक्लिफ-ऑन-सोअर ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाला तेव्हा २,००० मेगावॅटच्या त्या केंद्रात सुमारे १७० माणसं कामाला होती. आणि प्रकल्प दूर असेल तर त्या नोकऱ्याही आपल्या शहरातल्या नसतात.

मग वीज आणायची कुठून? पर्याय सांगा.

पहिला पर्याय सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वांत स्वस्तही: गळती आणि उधळपट्टी कमी करणं. जुनी रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) बदलणं, पाणीपुरवठ्याचे पंप सुधारणं, रस्त्यावरचे दिवे एलईडी करणं, शीतगृहं आणि मोठ्या इमारतींची मागणी संध्याकाळच्या शिखरावरून हलवणं. यासाठी तीस वर्षांचा करार लागत नाही, आणि हे काम शहरातलेच लोक करतात.

दुसरं, सौर आणि पवन वीज. सौर विजेचा खर्च २०१० नंतरच्या दशकात जगभरात जवळपास ९० टक्क्यांनी उतरला, लिथियम बॅटऱ्यांचाही त्याच प्रमाणात. चार तासांची बॅटरी संध्याकाळचं शिखर सांभाळते. सलग पाच दिवस ढगाळ आणि निवांत हवा असेल तर ती पुरत नाही; त्यासाठी ग्रिडची जोडणी, जलविद्युत, थोडा वायू किंवा बाजारातली खरेदी लागते. हे कबूल केल्याशिवाय पर्यायाची चर्चा प्रामाणिक होत नाही.

तिसरं, आणि हे मी आग्रहाने सांगेन: टप्प्याटप्प्याने खरेदी करा. काही करार पाच वर्षांचे, काही दहांचे, काही वीसचे. सगळे एकाच वर्षी संपू नयेत.

इथे टेक्सासमधल्या जॉर्जटाउनचं उदाहरण मुद्दाम देते, कारण ते माझ्या बाजूला गैरसोयीचं आहे. या शहराने २०१५ च्या आसपास पूर्ण पवन आणि सौर विजेचे वीस-पंचवीस वर्षांचे ठरावीक दराचे करार केले, तेही गरजेपेक्षा जास्त विजेचे. उरलेली वीज बाजारात विकू असा हिशेब होता. बाजारभाव पडला आणि एकट्या २०१८ मध्ये शहराला सुमारे ६८ लाख डॉलरचा फटका बसला. इंधन स्वच्छ होतं, चूक तीच होती: जास्त घेतली, फार लांबच्या मुदतीने घेतली, आणि भाव वरच राहील असं धरलं. फरक एवढाच की वाऱ्याच्या करारात कोळशाचा भाव, राखेचा तलाव आणि कार्बनचा कर हे तीन धोके नसतात.

कोळशाला कधीच होकार देऊ नये का?

आधीपासून चालू असलेल्या, कर्ज फिटलेल्या, धूर रोखणाऱ्या यंत्रणा असलेल्या प्रकल्पाकडून तीन-चार वर्षांसाठी वीज विकत घेणं वेगळं आणि नव्या प्रकल्पात मालक होणं वेगळं. ज्या शहरात भारनियमनामुळे दवाखाने आणि पाण्याचे पंप बंद पडतात, तिथे पहिला प्रकार मला समजू शकतो. घर भाड्याने घेणं आणि तीस वर्षांच्या कर्जावर विकत घेणं यांत जो फरक, तोच इथे आहे. मालकीला माझा विरोध आहे.

आमच्या शहराने हिस्सा आधीच घेतला आहे. आता काय?

करार बारकाईने वाचून हिस्सा विकता येतो का, दुसऱ्या भागीदाराला देता येतो का ते आधी बघा. लॉस एंजेलिसच्या शहरी वीजसंस्थेने ॲरिझोनातल्या नवाहो प्रकल्पातला आपला २१.२ टक्के हिस्सा २०१६ मध्ये विकला; तो प्रकल्प २०१९ मध्ये बंदच झाला. हिस्सा विकला म्हणून धूर थांबत नाही, पण पुढच्या दुरुस्त्यांचा बोजा शहरावरून उतरतो. विकत घेणारा नेहमी मिळतोच असं नाही, म्हणून उशीर करू नये.

विकता येत नसेल, तर निदान आणखी पैसे ओतणं थांबवता येतं. आयुष्य वाढवण्यासाठी मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव आला की त्या पैशात पर्याय काय उभा राहतो हे विचारायचं. सॅन अँटोनिओने २०१० मध्ये सुरू झालेला आपला स्प्रूस-२ संच वायूवर न्यायचं २०२३ मध्ये ठरवलं. वायू हे अंतिम उत्तर आहे असं मला वाटत नाही, पण निर्णय शहराच्या स्वतःच्या मंडळात आणि उघड चर्चेनंतर झाला.

हेलसिंकीचं उदाहरण सर्वांत उमेद देणारं आहे. तिथे कोळसा केवळ विजेसाठी नव्हता, कडाक्याच्या थंडीत सगळ्या शहराची घरं त्याने ऊबदार राहत होती. शहराच्या मालकीच्या कंपनीने २०२३ मध्ये हानासारी आणि एप्रिल २०२५ मध्ये साल्मिसारी केंद्रातला कोळसा बंद केला. त्याची जागा सांडपाण्यातली आणि हवेतली उष्णता ओढणारे मोठे हीट पंप, विजेचे बॉयलर आणि लाकडाचं इंधन यांनी घेतली. लाकूड जाळण्यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पण शहराच्या मालकीचा प्रकल्प असण्याचा हा फायदा: मालकच नागरिक असल्याने बंद करण्याचा निर्णयही त्यांना घेता येतो.

मतदान पुढच्या बैठकीत आहे. कोणते कागद मागू?

पूर्ण करार, सारांश नव्हे. त्यातलं 'टेक ऑर पे' कलम आणि भागीदाराने हात वर केल्यास काय होतं ते कलम. सल्लागाराचा अहवाल, आणि त्याची फी प्रकल्प मंजूर होण्यावर अवलंबून आहे का याचं लेखी उत्तर. बांधकामाचा खर्च ठरावीक आहे की वाढू शकतो, आणि वाढल्यास कोण भरणार. प्रकल्प ५० टक्केच चालला, दोन वर्षं उशिरा सुरू झाला, कोळसा दुप्पट झाला आणि कार्बनवर कर लागला, तर प्रत्येक बाबतीत घरगुती दर किती होईल याचा वेगवेगळा तक्ता. विकासक कंपनी स्वतः किती हिस्सा, किती वर्षं ठेवणार आहे. राख आणि प्रकल्प मोडण्याचा निधी. शहराच्या मागणीचा मागच्या दहा वर्षांचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी. अंदाज नेहमीच फुगलेला असेल तर प्रस्तावाची पहिली गरजच संशयास्पद ठरते.

हे कागद बैठकीच्या किमान महिनाभर आधी सार्वजनिक करावेत अशी लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या. "गोपनीय व्यापारी माहिती" असं उत्तर आलं तर कोणतं कलम कोणत्या कायद्याखाली गोपनीय आहे ते विचारा. आणि सही आत्ताच केली नाही तर संधी जाईल असं सांगितलं गेलं, तर ती मुदत कोणी आणि कोणत्या कागदावर घातली आहे, तेही मागवून घ्या.